स्टँड नसलेली सायकल

नोरीन पायबस दुकानात आली तेव्हा
तिच्या बोटांना अजून बीटाचा रंग होता.
नऊ वर्षं ती चिखलाने माखलेल्या पाहुण्यांना
बर्गर करून घालते,
आणि त्यांच्या सायकली तिच्या भिंतीला टेकून असतात,
एकेक तिच्या गाडीहून महाग.

"मला एक हवी. स्वस्त चालेल, फसवी नको."
आणि काउंटरवर चहाचा डबा उपडा केला:
नोटा, नाणी, एक कोटाचं बटण.
बटण तिने परत उचललं.

आठशे चाळीस डॉलर.
या गावात पूर्वी कथील निघायचं, आता आम्ही उतार विकतो,
आणि आठशे चाळीसात उतार येतो, पण जपून.

आधी नको ते दाखवलं:
ही बघ, सुपरमार्केटातली, मागेपुढे दोन्हीकडे स्प्रिंग.
दिसायला वाघ, उतारावर मेंढी.
या किमतीत दोन स्प्रिंगा म्हणजे दोन खोटी वचनं.
त्यापेक्षा मागून ताठ आणि पुढून नरम, अशी घे.
"डेस याच्या बरोबर उलट होता," ती म्हणाली.
हसली नाही, म्हणून मीही हसलो नाही.

भिंतीला पाठ लावून उभं केलं तिला,
पायांमध्ये जाड पुस्तक धरायला दिलं,
पेन्सिलीने खूण केली.
मध्यम फ्रेम. एकोणतीस इंची चाकं.
पुढे एक चकती, मागे नऊ.
ब्रेक मात्र तेलाचे. तिथे मी अडून बसलो:
रंगात तडजोड कर, थांबण्यात नको.
रंग उरला होता फक्त मोहरीचा.

पाव ताजा आहे का बघावं
तसा तिने अंगठ्याने टायर दाबला. मग वाकून खाली पाहिलं.
"स्टँड कुठाय?"
डोंगरातल्या सायकलला स्टँड नसतो.
"मग ठेवायची कशी?"
आडवी. गवतात.
"पैसे मोजून घेतलेली वस्तू," ती सावकाश म्हणाली,
"मी आजवर जमिनीवर टाकलेली नाही."

हेल्मेटचे पैसे मी लावले नाहीत.
तेव्हापासून माझ्या बर्गरात बीटाची एक चकती जास्त येते.

रविवारी वर घेऊन गेलो तिला.
पाटीवर वाटेचं नाव आहे ठसकेबाज, कुठल्याशा कंपनीने दिलेलं.
तिचे वडील कंदील घेऊन याच वाटेने खाणीत जायचे;
तेव्हा हिला म्हणायचे उपाशी वाट.
मी सांगितलं: पेडल समांतर, बूड मागे,
नजर जिथे जायचंय तिथे.
दगडाकडे बघितलंस तर दगडच भेटेल.
"हे मला कुणीतरी
तिसाव्या वर्षी सांगायला हवं होतं."

मग गेली.
सगळा उतार ब्रेक दाबून.
मी मागे होतो; ती दिसायच्या आधी ऐकू यायची.
किंचाळत नव्हती. वळणांना हाका मारत होती:
पंपघर. कॉर्मॅकची झोपडी. बादली पडली ती जागा.
मी चारशे वेळा उतरलोय इथून.
नकाशात यातलं एकही नाव नाही.

मोठ्या नेच्यांच्या सावलीतून ती बाहेर आली,
गुडघा फुटलेला, दातावर चिखल,
एका वॉलबीने मान वर करून पाहिलं आणि परत चरायला लागली.
नोरीन उतरली. टेकवायला भिंत शोधली.
भिंत नव्हती.
तिने उताराकडे वळून पाहिलं, बराच वेळ,
आणि हात सोडले.
मोहरीची सायकल गवतात आडवी झाली,
मागचं चाक फिरतच राहिलं, टिक टिक टिक,
थांबायची घाई नसल्यासारखं.

"वर जायला कुठला गिअर?"
मी सांगितला.
तिला तो सापडला नाही.
ढकलत गेली.